रुमालाखालची बोटं

"मला फोनच नको, ताई. बटनाचा डबडा बरा." लातूरला समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसून हे वाक्य कितीजण म्हणाले असतील! निवृत्त गुरुजी, बचत गटाच्या अध्यक्ष, दुकानदार, शेतकरी. कुणाचे स्वतःचे पैसे गेलेले असतात, तर कुणी शेजाऱ्याचे गेलेले बघूनच धसका घेतलेला असतो. प्रश्न एकच असतो, आता या वयात मोबाइल वापरावा की सोडून द्यावा? त्या सगळ्यांसाठी एका काकांची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काका उदगीर तालुक्यातले, साठी ओलांडलेले. सून घेऊन आली होती. "मामा आठ दिवस धड जेवले नाहीत. फोन वाजला की उठून गोठ्यात जाऊन बसतात."

झालं होतं असं. गावच्या ग्रुपवर भावकीतल्या एका पोराच्या नंबरावरून अतिवृष्टी अनुदानाची यादी आली. काकांनी बोट लावलं. फोननं दोन-तीनदा काहीतरी विचारलं, ते 'हो' म्हणत गेले. ती यादी नव्हतीच. ती एपीके फाईल होती, म्हणजे प्ले स्टोअरला वळसा घालून थेट फोनमध्ये शिरणारं ॲप. त्यानं मेसेज वाचायची परवानगी मिळवली आणि बँकेचे ओटीपी परस्पर चोराच्या हाती पडू लागले. सोयाबीनच्या पट्टीचे ४८ हजार रात्रीतून गेले. वर काकांच्याच व्हॉट्सॲपवरून तीच फाईल सोयऱ्याधायऱ्यांना गेली.

पैशापेक्षा हे दुसरं त्यांना जास्त लागलं होतं. "माझ्या नावानं चोरी गावोगाव फिरली. मी येडा हाय, ताई."

तीन दिवस त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. चौथ्या दिवशी मुलांना कळलं, घरात आरडाओरडा झाला. मुलांनी फोन काढून घेतला, सगळे मेसेज उघडून पाहिले आणि पासवर्ड बदलून टाकला. "तुमच्या चाचीच्या आवाजातले मेसेज राखून ठेवले होते मी. ती गेल्यावर कधीमधी ऐकायचो. ते बी पोरांनी माझ्यादेखत वाजवले." एवढं बोलून ते खिडकीबाहेर बघत राहिले. चोरानं खातं रिकामं केलं होतं, पण त्यांना उघडं केलं होतं घरच्यांनी. हे मुलांच्या लक्षातही आलेलं नव्हतं.

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारपद्धतीवर वाढलेली. घटना माणसाला जितकं पाडते, त्याहून त्या घटनेवरून तो स्वतःला जे नाव ठेवतो ते जास्त पाडतं, असं मी मानते. म्हणून पहिल्या दोन भेटींत फोनचा विषय मी काढलाच नाही. 'येडा' या एका शब्दावरच बसून राहिले.

"काका, बैल घेताना कधी फसलात का?"

"एकदा. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात. मारका बैल गळ्यात घातला माझ्या."

"मग बैल घेणं सोडलं?"

"सोडून कसं भागंल? पुढं मातूर चालवून, औताला जुंपून बघितल्याबिगर पैसा सुटला न्हाई माझा."

"तेव्हा स्वतःला येडा म्हणालात?"

ते काहीच बोलले नाहीत. पण त्यानंतर तो शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकला नाही.

तिसऱ्या भेटीत बाजाराचाच विषय त्यांनी पुढे नेला. जनावरांची देवणी जात कशी ओळखायची, लाल कंधारी कशी, दात कसे बघायचे. बोलता बोलता डोक्याचा रुमाल काढून त्यांनी आपल्या हातावर टाकला, माझा हात त्याखाली घेतला आणि बैलबाजारात सौदा करताना दाबतात तशी माझी बोटं दाबली. "हा भाव झाला. आता सांगा, भवतीच्या शंभर माणसांना काय कळलं?"

"काहीच नाही."

"कडंला सख्खा पोरगा हुबा असला तरी त्याला कळत न्हाई."

मी हात तसाच रुमालाखाली ठेवला. "काका, मग तुमचा पिन कुणाकुणाला माहीत होता?"

ते थांबले. मग हळूच मोजायला लागले. थोरला, धाकटा, गेम खेळणारा नातू, रिचार्ज करून देणारा पोरगा. "आरं! म्हंजी पिन म्हंजी रुमालाखालची बोटं हायत की!"

त्यांचा चेहरा तेव्हा जसा उजळला, तो क्षण या कामातल्या माझ्या मोजक्या ठेव्यांपैकी आहे. मी शिकवत होते असं मला वाटत होतं, पण धडा त्यांच्या हातात चाळीस वर्षं होता. 'आम्हा अडाण्यांना यातलं काय कळतंय' म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी आता आधी विचारते, तुम्ही व्यवहार कसा करता? खबरदारीचं शहाणपण तिथंच सापडतं.

पुढचं सोपं झालं. ॲप काय परवानगी मागतंय ते बघणं म्हणजे दात बघणं. अनुदानाच्या यादीला माझे मेसेज कशाला वाचायचेत? दावं ओळखीच्या माणसाच्या हातात असलं तरी जनावर ओळखीचं नसतं. म्हणून भावाच्या नंबरावरून आलेली फाईलसुद्धा त्याला फोन करून विचारल्याशिवाय उघडायची नाही. आणि यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. 'पैसे जमा करतो, पिन टाका' म्हणणारा चोरच.

मुलांना मी वेगळं बोलावलं. त्यांना जरा कडकच बोलले. पैसे गेल्याबरोबर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावला आणि बँकेला कळवलं, तर पुढच्या खात्यात सरकलेली रक्कम वाटेत रोखता येण्याची शक्यता असते. तक्रार दिल्यानंतरही पैसे गेले, तर ते नुकसान बँकेनं सोसायचं, असं रिझर्व्ह बँकेनं २०१७ च्या परिपत्रकात सांगितलं. म्हणजे सगळा खेळ पहिल्या काही तासांचा. ते तास काकांनी भीतीपोटी घालवले, आणि ती भीती चोराची नव्हती, तुमच्या ओरडण्याची होती. "पुढच्या वेळी त्यांनी पहिला फोन तुम्हाला करावा असं वाटतं ना? मग आज काय बोलता ते जपून बोला." थोरल्यानं मान खाली घातली.

त्या आठवड्यात मुलांनी चाचींचे मेसेज दुसरीकडे जपून ठेवले, फोन पूर्ण पुसून नव्यानं चालू केला, व्हॉट्सॲपला सहा आकडी पिन लावला, 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये अनोळखी यंत्र नाही ना ते पाहिलं. नवे पिन टाकताना दोघं खोलीबाहेर थांबले. काकांनी गावच्या ग्रुपवर स्वतःच्या आवाजात मेसेज टाकला, "माझ्या नंबरावरून आलेली फाईल उघडू नका, मी फसलो हाय." त्या संध्याकाळी गावातली दोन माणसं त्यांच्या घरी आली. त्यांचेही पैसे गेले होते, त्यांनीही कुणाला सांगितलेलं नव्हतं.

४८ हजारांतले फारच थोडे परत मिळाले.

शेवटच्या भेटीनंतर खालच्या टपरीवर आम्ही चहा घेतला. पैसे मी देते म्हणाले तर त्यांनी ऐकलं नाही. फोन काढला, कोड स्कॅन केला. सून शेजारीच उभी होती. काकांनी डोक्याचा रुमाल काढला, फोनवर टाकला आणि त्याखाली बोटं चालवली.