घड्याळाचं विचारा: पहिलं महागडं ड्रेस वॉच, तीनपैकी कोणतं?

प्रश्न: नमस्कार ताई, मी नागपूरचाच, प्रताप नगरला राहतो, स्वतःचं डेंटल क्लिनिक आहे. एक चांगलं ड्रेस वॉच घ्यायचं म्हणून कधीपासून शोधून राहिलो पण ठरतच नाही. दिवसभर हातात ग्लोव्हज, त्यामुळे घड्याळ लावणार ते संध्याकाळी, लग्नात, कॉन्फरन्सला. मनगट बारीक, १६ सेंटिमीटर. तीन उरले आहेत: नोमोस टँजेंट ३५, ग्रँड सेकोचं हस्तिदंती डायलचं एसबीजीडब्ल्यू २३१ आणि कार्टिए टँक मस्ट लार्ज. टँक फार आवडतं पण मित्र म्हणतात की क्वार्ट्झला, म्हणजे बॅटरीवरच्या घड्याळाला, एवढे पैसे काहून घालून राहिला. बाबांची एचएमटी जनता माझ्याकडे आहे, रविवारी तिला चावी देतो, ते मला मनापासून आवडतं. मेहुणा म्हणतो दुबईहून आणून देतो, स्वस्त पडेल. काय करू?

उत्तर: डॉक्टरसाहेब, तिन्ही घड्याळं चांगली आहेत, यातलं कोणतंही घेतलं तरी तुमची निवड चुकली असं कोणी म्हणणार नाही, त्यामुळे आता आणखी रिव्ह्यू बघणं बंद करा.

आधी क्वार्ट्झचं बोलते कारण तुमचं घोडं तिथंच अडलंय. टँकचं डिझाइन लुई कार्टिएनं १९१७ साली केलं, पहिल्या महायुद्धातल्या रणगाड्याचा वरून दिसणारा आकार बघून, आणि दोन वर्षांनी ते विक्रीला आलं. लोक शंभर वर्षं त्या आकारासाठी पैसे देत आलेत, मशीनसाठी नाही. जो माणूस महिन्यातून चार वेळा घड्याळ लावतो त्याच्यासाठी क्वार्ट्झ सोयीचंच आहे, ड्रॉवरमधून काढलं की वेळ बरोबर, लावलं की निघाले. त्यामुळे मित्रांच्या बोलण्यावरून टँक सोडू नका. पण तुम्ही स्वतःच लिहिलंय की चावी द्यायला आवडते, आणि माझ्या मते सगळा निकाल त्या एका वाक्यात आहे, कारण टँक मस्टमध्ये ते सुख मिळणार नाही आणि सहा महिन्यांनी तुम्हीच पुन्हा चावीचं घड्याळ शोधायला लागाल.

मग राहिले दोन. ग्रँड सेकोचं डायल आणि काटे जवळून बघितले की नजर हटत नाही, काट्याची कड अशी पॉलिश केलेली की मंद उजेडातही ती रेघ चमकते. एकदा पूर्ण चावी दिली की ७२ तास चालतं, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी दिली तर सोमवारी संध्याकाळपर्यंत. पण जाडी ११.६ मिलिमीटर! ड्रेस वॉच शर्टाच्या कफखाली सहज सरकायला पाहिजे, आणि लग्नाच्या सीझनमध्ये तुम्ही जो फॉर्मल शर्ट घालता त्याचा कफ घट्ट असेल तर हे घड्याळ तिथं अडकणार. टँजेंट साधारण साडेसहा मिलिमीटर, ते जवळपास जाणवतच नाही. एकदा चावी दिली की ४३ तास चालतं, म्हणजे रोज लावत असाल तर रोज संध्याकाळी तयार होताना चावी द्यायची, जे तुम्हाला आवडतंच.

टँजेंटची एक गोष्ट मात्र फोटोत कळत नाही. पट्टा जिथं अडकतो ते कान लांब आणि सरळ आहेत, कानापासून कानापर्यंत ४५ मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे ३५ मिलिमीटर व्यासाचं घड्याळ मनगटावर ३७ सारखं दिसतं. बाबांची जनता पण ३५ च्या जवळपासच असते पण तिचे कान आखूड, म्हणून तिच्यावरून अंदाज बांधू नका. घड्याळ प्रत्यक्ष हातात घालून बघायला मुंबईला डीलरकडे जा: दुरांतोनं रात्री बसा, सकाळी सीएसएमटीला उतरा, आणि दुकानात जाताना तुमचा तोच लग्नातला शर्ट घालून जा, कफचं बटण लावून घड्याळ हातात घाला, हात खाली सोडा, वर करा, टेबलावर ठेवा. कान मनगटाच्या बाहेर लटकले नाहीत तर माझं मत टँजेंटला. लटकले तर ग्रँड सेको, आणि कफ थोडा सैल शिवून घ्या, शिंपी अर्ध्या दिवसात करून देतो.

दुबईचं म्हणाल तर एवढ्या किमतीचं घड्याळ ड्युटी फ्री मर्यादेत बसत नाही, ते एअरपोर्टवर जाहीर करून ड्युटी भरावी लागते, ती धरून हिशोब करा मग फरक किती उरतो ते बघा. न सांगता आणायचा विचार मेहुण्याला करू देऊ नका, उगाच त्याच्या गळ्यात फास. स्विस घड्याळांवरची ड्युटी १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झालेल्या करारामुळे टप्प्याटप्प्यानं कमी होणार आहे, पण नोमोस जर्मनीचं आणि सेको जपानचं, त्यामुळे त्यासाठी थांबायचं कारण नाही. अधिकृत डीलरकडून घ्या, वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का तिथंच तपासा. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख दुकानदाराला घेता येत नाही, तेव्हा कार्ड किंवा ट्रान्सफर.

आणि हो, घड्याळाच्या मागे ३० मीटर लिहिलंय म्हणून हात धुताना बिनधास्त राहू नका, ते फक्त शिंतोड्यांपुरतं असतं.

प्रश्न: मे महिन्यात चामड्याच्या पट्ट्याला वास येतो, काय करावं? (धरमपेठहून एक वाचक)

उत्तर: नवतपात चामडं दिवसा घालूच नका हो, ४५ डिग्रीत दुसरं काय होणार. दुसरा कापडी किंवा रबरी पट्टा आणून ठेवा, मापासाठी एकाच बाजूच्या दोन कानांमधलं, पट्टा बसतो तिथलं अंतर मोजा, जुन्या पट्ट्याच्या मागे पण बरेचदा लिहिलेलं असतं. चामडं काढलं की कोरड्या कापडानं पुसून सावलीत वाळवा, उन्हात ठेवलं तर तडे जातात. आणि कूलरच्या समोरच्या कपाटात ठेवू नका, त्या दमट हवेनं बुरशी धरते. वास मुरलाच असेल तर नवीन पट्टा घ्या, मुरलेला वास धुऊन जात नाही.