वाचकांचे प्रश्न : तीन पिढ्यांनंतरची मूर्ती

प्रश्न : आमचे कुटुंब तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती आहे. बाप्तिस्मा घेतल्यावर आजोबांनी देवघरातले टाक गोदावरीत विसर्जित केले आणि त्यामुळे भाऊबंदांनी त्यांच्याशी रोटी-बेटीचा व्यवहार तोडला, असे घरात सांगतात. म्हणून पाळकसाहेबांनी ‘मूर्तींपासून वळा’ असा उपदेश केला, तेव्हा तो आम्हांला लागू नाही, असे मला वाटले. मात्र एक गोष्ट मनाला खाते. आईमागोमाग वडीलही मृत्युपत्र न करता वारले, तेव्हा आम्ही दोघा भावांनी ‘नुसती कागदोपत्री बाब आहे’ असे सांगून एकुलत्या बहिणीची हक्कसोडपत्रावर सही घेतली. गंगापूर रोडकडची ती जमीन आता बिगरशेती झाली असून तिचे भाव कुठल्या कुठे गेले आहेत. मी रोज गुडघे टेकून क्षमा मागतो, उपासही करतो; तरी शांती नाही. माझा पश्चात्ताप कुठे कमी पडतो?
— एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : बंधू, तुम्ही उपदेश आणि जमीन या दोन गोष्टी वेगळ्या मांडल्या आहेत, माझ्या मते तो एकच प्रश्न आहे. कलस्सैकरांस पत्रात (३:५) प्रेषित पौल लोभाला सरळ मूर्तिपूजा म्हणतो, आणि हे तो बाप्तिस्मा झालेल्या मंडळीला लिहितो. मूर्ती कशाची घडवली आहे यापेक्षा तिच्यापुढे आपण काय वाहिले, हे पाहावे. तुम्ही त्या जमिनीपुढे पाठच्या बहिणीचा विश्वास वाहिला आहे.

जमीन वडिलोपार्जित आहे, देवाचा आशीर्वाद आहे, असे मनात येईल. रानात मोशेने केलेला पितळी सापही देवाच्याच आज्ञेने घडवलेला होता आणि त्याच्याकडे पाहून सर्पदंश झालेले लोक वाचले होते. तरी पुढे लोक त्याला धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजाने त्याचे तुकडे केले (२ राजे १८:४). वारशाच्या वाटणीसाठी एक जण येशूकडे आला, तेव्हा त्याने न्यायाधीश होण्याचे नाकारले, पण लोभापासून जपण्याची ताकीद सर्वांना दिली (लूक १२:१३–१५).

आजोबांचे वळणे चारचौघांना दिसले आणि त्याची किंमत त्यांनी मोजली. तुमचा पश्चात्ताप अजून खोलीच्या दाराआडच आहे. तुमचे अश्रू खोटे आहेत, असे मी मुळीच म्हणत नाही. परंतु ज्या गोष्टीबद्दल क्षमा मागायची, ती मुठीत घट्ट धरून ठेवलेली असेल, तर शांती कशी मिळावी? नियमशास्त्राप्रमाणे लुबाडलेले पूर्ण परत करून वर पाचवा हिस्सा द्यायचा असे (लेवीय ६:५); येशूला भेटल्यावर जक्कय नावाच्या जकातदाराने लुबाडलेले चौपट परत करण्याची तयारी दाखवली. ही क्षमेची किंमत नव्हे, ती तर प्रभूने क्रुसावर भरली आहे; पण क्षमा मिळालेल्या माणसाचे हात असे उघडतात.

आता व्यवहाराचे. ख्रिस्ती कुटुंबांना लागू असलेल्या १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानुसार, मृत्युपत्र नसेल तर मुलगा आणि मुलगी यांचा हिस्सा सारखाच असतो. म्हणजे तिघांना एकेक तृतीयांश यायला हवा होता. हक्कसोडपत्र नोंदणीकृत असेल, तर ते घरी फाडून टाकल्याने काही होत नाही. वकिलाच्या सल्ल्याने दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात बक्षीसपत्र नोंदवून तिचा हिस्सा तिला देता येईल. भाऊ तयार झाला तर उत्तमच. तो तयार नसेल, तर तुमच्या निम्म्यातून सबंध जमिनीचा सहावा हिस्सा देणे हे तुमच्या एकट्याच्या हातात आहे, आणि त्यासाठी त्याच्या होकाराची वाट पाहत बसू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कागदाआधी मात्र बहिणीकडे जा. वेदीपाशी अर्पण ठेवून आधी समेट करण्याची प्रभूची आज्ञा आहे (मत्तय ५:२३–२४). ‘झाले गेले विसरून जा’ असे म्हणू नका. आपण खोटे बोलून सही घेतली, हे त्याच शब्दांत सांगा. ती कदाचित म्हणेल, ‘दादा, राहू दे, मला काही नको.’ आपल्याकडे कितीतरी बहिणी माहेर तुटू नये म्हणूनच सही करतात आणि त्याच भीतीने पुढेही नको म्हणतात. तिचे ते बोलणे तुमच्या सोयीचे आहे म्हणून लगेच उचलून धरू नका. तिला सात-बारा दाखवा, जमिनीचा आजचा भाव सांगा, विचार करायला पुरेसा वेळ द्या, आणि मग तिला ठरवू द्या.