जुन्या डब्यांत पुदिना आणि कोथिंबीर

ताई, घरातल्या जुन्या डब्यांत पुदिना-कोथिंबीर कशी लावायची असं विचारलंत, तर सुरुवात पुदिन्यापासून करा, कोथिंबिरीपासून नको. बाजारातल्या जुडीतल्या जाड काड्या निवडा, खालची पानं काढा आणि पाण्यात ठेवा; ८-१० दिवसांत मुळं फुटतात. त्याला पसरट टब द्या, पण स्वतंत्र. पुदिना आडवा पसरतो आणि शेजारच्या रोपाला जागाच ठेवत नाही.

तेलाचा १५ लिटरचा डबा उत्तम, फक्त आधी साबणाच्या गरम पाण्याने तेलकटपणा पूर्ण घालवा. तळाला ५-६ भोकं पाडाच आणि डबा विटांवर ठेवा. कुंडीतली रोपं बहुतेकदा साचलेल्या पाण्यानेच जातात. एप्रिल-मेमध्ये पत्रा तापतो, तेव्हा बाहेरून ओलं गोणपाट गुंडाळा. कीटकनाशकाचा किंवा रंगाचा डबा मात्र कितीही धुतला तरी खाण्याच्या झाडांसाठी घेऊ नका, ही माझी कळकळीची विनंती.

कोथिंबिरीला ६ इंच खोली पुरते. धणे हलके रगडून दोन फाका करा, रात्रभर भिजवा आणि थेट डब्यातच पेरा. उपटून दुसरीकडे लावलेलं तिला सोसत नाही. उन्हाळ्यात ती लवकर फुलावर येते, म्हणून पहिली पेरणी दिवाळीनंतर करा. गवती चहा मोठ्या बादलीत सहज येतो.