‘जमलं’ आणि ‘रमलो’

“आधी रविवार कधी येतोय असं व्हायचं. आता रंगांची पेटी दिसली तरी तोंड फिरवतो. आवड मेली म्हणायची का?”

हा प्रश्न समुपदेशनात आमच्याकडे वेगवेगळ्या तोंडून येतो. कुणाचा तबला असतो, कुणाची गच्चीवरची बाग, कुणाचं विणकाम. इथे तो चित्रकलेचा आहे. विचारणारे गृहस्थ ४६ वर्षांचे, कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात दोन लेथचं, म्हणजे धातू कातायच्या यंत्रांचं, वर्कशॉप चालवणारे. ओळख पटू नये म्हणून त्यांचे काही तपशील बदलले आहेत. रंग-कागदाचे तपशील मात्र तसेच ठेवले आहेत, कारण अडचण तिथेच होती आणि वाटही तिथूनच निघाली.

शाळेत चित्रकलेच्या इंटरमीजिएट परीक्षेला ए ग्रेड मिळालेली. पुढे धंद्यात पडले तरी रविवारची सकाळ जलरंगांची असायची. कधी रंकाळा तलाव, कधी पंचगंगेचा घाट. दोन वर्षांपूर्वी एका समूह प्रदर्शनात त्यांनी दोन मोठी चित्रं लावली. एक जाणकार समोर थांबले, “छंद म्हणून बरं आहे” म्हणाले आणि पुढे गेले. त्यानंतर या गृहस्थांनी महागातला कागद आणला, मोठे ब्रश आणले आणि चित्र काढणं हळूहळू बंद केलं. सोबत आलेल्या पत्नी म्हणाल्या, “मी सांगून सांगून दमलो. कपाट उघडायलाच तयार नाहीत हे.”

अशा वेळी आम्ही आधी चित्राचं बोलत नाही. कशातच मन न लागणं हे नैराश्याच्या दोन मुख्य लक्षणांपैकी एक आहे. त्यामुळे झोप, भूक, थकवा, स्वतःला दोष देणं, जगणं नकोसं वाटणं, हे सगळं दोन आठवडे किंवा जास्त काळ, बहुतेक दिवस आहे का, ते विचारावंच लागतं. नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ ही प्रश्नावली त्यासाठी वापरतात. तिच्यात २७ पैकी १० किंवा जास्त गुण आले तर मानसोपचारतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी, असं आम्ही सांगतो. मरणाचे विचार येत असतील तर गुण कितीही असोत, थांबायचं नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. थायरॉइड आणि साखर तपासायलाही सांगतो, कारण थायरॉइड कमी असला तरी माणूस असाच मंदावतो. या गृहस्थांचे गुण ८ आले, तपासण्या ठीक निघाल्या. झोप बरी होती, कामात लक्ष होतं. अडकलं होतं ते चित्रापाशीच, आणि आता तिथून बाकीच्या आनंदांकडे सरकायला लागलं होतं. भेळ खायला जायचं तरी ‘काय करायचंय जाऊन’.

त्यांनीच एक वाक्य सांगितलं. “वर्कशॉपात जॉब हातात आला की आधी मायक्रोमीटर लागतो. चित्राचं बी तसंच झालंय. काढायच्या आधीच माप घेतो मी.” (जॉब म्हणजे कातायला आलेला सुटा भाग.)

दोन शतांश मिलिमीटरनं चुकलेला जॉब परत येतो, हे ज्याचं रोजचं जगणं आहे त्याला हे लागणारच. वर्कशॉपात ती सवय गुण आहे. जलरंगात तिचं काय होतं, ते नीट समजून घेण्यासारखं आहे. कागदावर पाणी चकचकीत दिसतं तेव्हा रंग मोकळा पसरतो. थोड्या वेळानं चकाकी उतरते आणि नुसती ओल राहते. हा सगळ्यात धोक्याचा काळ. या वेळी जास्त पाण्याचा ब्रश टेकला की ते पाणी आधीच्या रंगाला बाहेर ढकलतं आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी कडा उठते. ती पुसायला गेलं की कागदाचे धागे उसवतात. उसवलेल्या जागी तिसरा थर दिला की रंग गढूळ होतो, चिखल होतो. ज्याला चूक पाहवत नाही त्याचा हात नेमका त्या ओलीतच परत जातो. म्हणजे ‘चित्र बिघडेल’ या भीतीनंच चित्र बिघडतं, आणि बिघडलेलं चित्र बघून भीती पक्की होते. त्यांनी कपाटातून आणलेल्या शेवटच्या तीन चित्रांत आभाळ असंच मेलं होतं, तिन्ही ठिकाणी क्षितिजाच्या जरा वर.

एक चौथं चित्रही होतं. ते वेगळ्याच तऱ्हेनं बिघडलेलं. आभाळभर ठिपके, जसा काही रंग टीपकागदावर सांडलाय. हे चित्र त्यांनी मागच्या पावसाळ्यात, खूप दिवसांनी धीर करून काढलेलं, आणि ते बघून “हात गेला माझा” असं ठरवून टाकलेलं. खरं तर हात नव्हे, कागद गेला होता. जलरंगाच्या कागदाला चिकटद्रव्याचा थर असतो, त्याला सायझिंग म्हणतात. त्याच्यामुळेच रंग काही क्षण वर तरंगतो. कोल्हापूरच्या पावसाळ्यात ओलीच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात कागद महिनोन्महिने पडला तर हा थर जागोजागी खराब होतो. घरी तपासायची रीत सोपी आहे. कोपऱ्यावर पाण्याचा पातळ हात फिरवायचा. चांगल्या कागदावर पाणी सारखं वर राहून सावकाश मुरतं. खराब कागदावर लगेच गडद ठिपके उमटतात. त्यांनी आमच्यासमोरच तपासलं. पाच सेकंदांत ठिपके आले. बराच वेळ ते त्या ठिपक्यांकडे बघत राहिले. एक वर्ष त्यांनी स्वतःला उगाच नापास केलं होतं. (असा कागद टाकू नये, पेन्सिल किंवा पेस्टलला चालतो. नवा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या घालून, भिंतीपासून लांब, आडवा ठेवावा.)

मग योजना ठरली, सहा आठवड्यांची. तिच्यामागचा विचार बिहेविअरल ॲक्टिव्हेशनचा: मन लागेल तेव्हा करू म्हणून थांबायचं नाही, छोटी कृती आधी, मन मागून येतं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांच्या उपचारपद्धतीत प्रत्येक कृतीला दोन गुण द्यायला सांगतात, किती साधलं आणि किती आनंद मिळाला. आम्ही त्याला मराठीत ‘जमलं’ आणि ‘रमलो’ म्हणतो. दोन रकाने, प्रत्येकी ० ते १०.

पहिल्या आठवड्यात ब्रशला हातच लावायचा नव्हता. रोज दहा मिनिटं एका ठिकाणी थांबून बघायचं आणि दिसलेल्या एका रंगाबद्दल वहीत एक ओळ लिहायची. ‘सुंदर’, ‘छान’ हे शब्द बाद. त्यांनी पहिले दोन दिवस रंकाळा लिहिला, पण तिथे जुनी चित्रं आठवून जीव घुसमटायला लागला. मग वर्कशॉपातच थांबायला सांगितलं. तिसऱ्या दिवशीची ओळ होती: ‘लेथखालच्या चिप्सवर पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा.’ चिप्स म्हणजे कातताना निघणारा पोलादाचा कीस. पोलाद तापलं की पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ पापुद्रा धरतो. त्याची जाडी वाढते तसा रंग बदलतो, साधारण २३० अंश सेल्सिअसला गवती पिवळा, ३०० च्या आसपास निळा. हे त्यांना आमच्याहून चांगलं माहीत होतं, हत्याराला पाणी देताना याच रंगांवर नजर ठेवतात. वीस वर्षं ते रंग त्यांनी कामापुरते बघितले होते आणि चिप्स भंगारात भरल्या होत्या.

दुसऱ्या आठवड्यापासून रंग. २२ बाय ३० इंचांचा, ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) ताव घेऊन त्याचे १६ तुकडे करायला सांगितले, प्रत्येक साडेपाच बाय साडेसात इंचांचा. यात मनाचं गणित आहे: अख्ख्या तावाला ‘वाया जाईल’ ही भीती चिकटलेली असते, सोळाव्या हिश्शाला ती तितकी चिकटत नाही. रंग तीनच: अल्ट्रामरीन ब्लू, बर्न्ट सिएना, यलो ऑकर. पहिल्या दोघांचं मिश्रण कोल्हापूरच्या पावसाळी आभाळाचा करडा देतं, आणि काळा रंग लागत नाही. गोल ब्रश एकच, १० नंबरचा. बारीक ब्रश मुद्दाम कपाटातच ठेवायला सांगितला, तो हातात आला की माणूस दुरुस्त्या करायला लागतो. पाण्याचे डबे दोन, एक धुवायला, एक स्वच्छ. पेन्सिलच्या रेषा जास्तीत जास्त पाच, खोडरबर नाही. मोबाइलवर वीस मिनिटांचा गजर. वाजला की ब्रश खाली, रेघ अर्धी असली तरी. आभाळाचा हात मारला की कागद वाळेपर्यंत ब्रश धरायचाच नाही, उठून चहा ठेवायचा. पावसाळी हवेत वाळायला दुप्पट वेळही लागतो, तेव्हा हाताच्या मागच्या बाजूनं हलकं स्पर्शून बघायचं. गार लागला तर अजून ओल आहे.

चित्र झालं की ‘रमलो’चा गुण लगेच मागे लिहायचा. ‘जमलं’चा गुण दुसऱ्या दिवशी. जलरंग वाळल्यावर फिकट पडतो, त्यामुळे ओल्या चित्राचा निवाडा तसाही चुकतो. मग चित्र मिठाईच्या रिकाम्या खोक्यात. फोटो नाही, ग्रुपवर टाकणं नाही, घरात दाखवणं नाही.

ही शेवटची अट लोकांना कठोर वाटते. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली बालवाडीतल्या मुलांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. स्केचपेननं चित्र काढायला आवडणाऱ्या मुलांपैकी काहींना, चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल, असं आधी सांगितलं. नंतर मोकळ्या वेळात हीच मुलं इतरांच्या मानानं सुमारे निम्माच वेळ चित्रं काढताना दिसली. अचानक बक्षीस मिळालेल्या मुलांची गोडी कमी झाली नव्हती. कौतुक वाईट नसतं. बसण्याआधीच त्याची वाट बघायला लागलं की खेळाचं काम होतं. म्हणून पत्नीलाही आम्ही एक बदल सुचवला. “छान आलंय” ऐवजी “आज काय बघितलं?” असं विचारायचं. सुरुवातीला त्यांना हे अवघड गेलं, प्रेमानं केलेलं कौतुक गिळून टाकायचं म्हणजे काय! पण पंधरा दिवसांत रात्रीच्या जेवणाला चिप्सच्या, भवानी मंडपातल्या कबुतरांच्या, गुऱ्हाळाच्या धुराच्या गोष्टी यायला लागल्या, हे त्यांनीच सांगितलं.

सगळं सरळ गेलं नाही. चौथ्याच चित्राला त्यांनी गजर बंद केला आणि दीड तास बसले. मागे लिहिलं होतं, जमलं ५, रमलो २. तिसऱ्या आठवड्यात एक मोठी ऑर्डर आली, चार दिवस सुटले, आणि “झालं, परत बंद पडलं” म्हणत खांदे पाडून आले. इथे पुष्कळ जण कायमचे थांबतात, कारण सुटलेल्या दिवसांची थकबाकी मनात साठते. म्हणून कमीत कमी काय, ते ठरवून ठेवावं लागतं. त्यांच्यासाठी ते होतं दोन मिनिटांची एक पट्टी: एकाच रंगाचा हात, वर गडद आणि खाली पाणी वाढवत फिकट. चित्र नाही, विषय नाही. पट्टी काढली की तो दिवस भरला. सुटलेला दिवस भरून काढायला दुसऱ्या दिवशी दोन चित्रं काढायची नाहीत, हेही बजावलं.

रंकाळ्यावर परत जायचा विषय पाचव्या आठवड्यात त्यांनीच काढला. आबालाल रहमान यांचं नाव कोल्हापुरात रंग हातात धरणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. १९३१ साली गेलेला हा चित्रकार याच गावचा परिसर, हाच रंकाळा पुन्हा पुन्हा रंगवत राहिला. ते आठवून गृहस्थ म्हणाले, “त्यांनी काढलाय म्हटल्यावर मी काय काढणार?” आम्ही विचारलं की आबालालांनी एकदा काढून झाल्यावर परत का काढला असेल. यावर ते गप्प बसले. पुढच्या रविवारी साडेसहाला गेले, संध्यामठ आणि पाणी, एवढंच, वीस मिनिटांत. जमलं ३, रमलो ७.

सहाव्या आठवड्यात खोकं टेबलावर ओतलं. २७ चित्रं. त्यांनाच क्रमानं लावायला सांगितली, आधी ‘जमलं’प्रमाणे, मग त्याच चित्रांची ‘रमलो’प्रमाणे. नऊ चित्रं अशी निघाली की जमलं ३ किंवा कमी, रमलो ६ किंवा जास्त. दोन चित्रांना जमलं ८ होतं आणि रमलो ३. ती दोन्ही फोटोवरून काढलेली. दोन वर्षं ते धरून चालले होते की चांगलं आलं तरच बरं वाटेल. त्यांच्याच अक्षरातले आकडे तसं म्हणत नव्हते. त्यांनी ते दोनदा तपासले, सवयीप्रमाणे.

आपल्या मापाच्या सवयीबद्दल त्या दिवशी ते एक चांगलं बोलले. लेथवर जास्त कापलं की जॉब गेला, म्हणून थोडं राखून कापतात. जलरंगात पांढरा कागद गेला की गेला, म्हणून तोही राखायचा. “राखायचं मला येतंय की,” असं म्हणाले. ती सवय टाकायची गरज नव्हती, तिला फक्त ‘किती राखलं’ एवढंच काम द्यायचं होतं.

प्रदर्शनाचं त्यांनी विचारलं. बंदी नाही, पण खोक्यातली चित्रं त्यात लावायची नाहीत. प्रदर्शनासाठी वेगळा ताव, वेगळे दिवस, आणि त्या दिवसांतही खोक्यातली वीस मिनिटं चालू, असं ठरलं. निर्णय अजून त्यांचा झालेला नाही.

जाताना त्यांनी खिशातून काड्यापेटी काढली. आत कापसावर ठेवलेली पोलादाची एक चिप, गोल वळलेली. अठ्ठाविसावं चित्र तिचं होतं, अर्धवट. “निळा कुठं संपतोय आणि जांभळा कुठनं सुरू होतोय, सापडंना,” ते म्हणाले. “तेवढ्यात गजर वाजला.”