पहिलीच दिवाळी बाहेर? मग हे ऐक

नाशिकचं कुडकुडत्या पहाटेचं अभ्यंगस्नान क्वालालंपूरला विसर, तिथे पहाटेही घाम फुटतो. उटण्याची पुडी मात्र ने, तिचं ओझं ते काय! बेसनलाडू नकोच. मी नेले होते. तूप सुटून टी-शर्टांत मुरलं, पुढे महिनाभर सॅकला साजूक वास. चिवडा ने, पण छोट्या पुड्यांत. मोठी पिशवी फोडलीस की दमट हवेत पोहे चिवट झालेच म्हणून समज. फुलबाज्यासुद्धा विमानात चालत नाहीत. तिथल्या तमिळ मंडळींची मुख्य दिवाळी नरकचतुर्दशीलाच असते. त्या दिवशी ब्रिकफील्ड्सला, म्हणजे तिथल्या भारतीय वस्तीत जा, दारातले रंगीत तांदळाचे कोलम, म्हणजे तमिळ रांगोळ्या बघ. आणि हो, तिथलं घड्याळ अडीच तास पुढे. सहाला फोन लावलास तर इकडे साडेतीन. आई तेव्हा उठलेली असेलही म्हणा, पाणी तापवायला.