वाचकांचे प्रश्न : ५८ पूर्ण झाले, आता कोणता आश्रम?

प्रश्न : मी अनुदानित शाळेत शिक्षक होतो आणि या वर्षी ५८ पूर्ण झाल्याने निवृत्त झालो. आई ८० च्या पुढे आहे व तिचे सगळे घरातच करावे लागते. मुलगा २७ वर्षांचा असून नोकरी करतो, त्याचे लग्न व्हायचे आहे. निरोप समारंभात एका वक्त्यांनी ‘आता वानप्रस्थ सुरू’ असे म्हणून शुभेच्छा दिल्या. इकडे पत्नीची तक्रार अशी, की मी दिवसभर घरात प्रत्येक गोष्टीत लक्ष घालतो. बालपण, तारुण्य, प्रौढपण आणि म्हातारपण यांपैकी मी नेमका कोठे आहे आणि या वयात पुरुषाने कसे वागावे?
— एक निवृत्त शिक्षक, नंदनवन, नागपूर

उत्तर : वयाचे टप्पे मोजण्याची मापे आपल्याकडे अनेक आहेत आणि त्यांचा एकमेकांशी मेळ कधीच नव्हता. सुश्रुतसंहितेने १६ वर्षांपर्यंत बाल्य, ७० पर्यंत मध्य वय आणि त्यापुढे वार्धक्य मानले. मध्य वयातही २० पर्यंत वाढ, ३० पर्यंत यौवन, ४० पर्यंत बळाची परिपूर्णता आणि तेथून हळूहळू उतार, असे बारीक भाग पाडले. चरकसंहितेने मात्र मध्य वय ६० लाच संपवले. राज्य शासनाने आपल्याला ५८ व्या वर्षी निरोप दिला, २००७ च्या कायद्याप्रमाणे आपण ज्येष्ठ नागरिक ठराल ते ६० व्या वर्षी, एसटीचे अर्धे तिकीट मिळेल ६५ ला आणि मोफत प्रवास ७५ ला. एका हिशेबाने आपले काम संपले आहे, दुसऱ्याने आपण अजून भर वयात आहात, आणि यांतला प्रत्येक हिशेब आपापल्या कामापुरता बरोबर आहे.

वानप्रस्थाचे म्हणाल तर मनुस्मृतीने गृहस्थाला अरण्यात जाण्यासाठी ज्या खुणा सांगितल्या आहेत, त्या अंगावरच्या सुरकुत्या, पांढरे केस आणि मुलाचे मूल या आहेत. आपल्या घरी अजून नातवंड नाही, तेव्हा त्या वचनाप्रमाणेही आपली वेळ आलेली नाही. त्याहून जुन्या गौतमधर्मसूत्रात तर विद्याध्ययन संपवलेल्या पुरुषाला कोणता आश्रम घ्यायचा याचा पर्याय असतो, हे काहींचे मत म्हणून नोंदवलेले आहे. म्हणजे चारही आश्रम प्रत्येकाने एकामागून एक चढलेच पाहिजेत, असे आरंभी सर्वांनी मानले नव्हते. शिवाय ही सारी मांडणी वरच्या तीन वर्णांच्या पुरुषाला समोर ठेवून केलेली होती आणि स्त्रीसाठी तिच्यात असे स्वतंत्र टप्पे नव्हते, हे आपल्या पत्नीच्या तक्रारीचा विचार करताना ध्यानात ठेवायला हवे.

उतारवय म्हणजे आवराआवरीचा काळ, ही समजूत किती अपुरी आहे हे नागपूरकराला तरी वेगळे सांगायला नको. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा येवल्याला १९३५ साली केली तेव्हा ते ४४ वर्षांचे होते, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा ६५ वर्षांचे होते. प्रकृती ढासळलेली होती आणि पुढे दोन महिनेही आयुष्य उरले नव्हते. आयुष्यातला एवढा मोठा निर्णय त्यांनी त्या वयात तडीस नेला. अशी उंची सगळ्यांच्या आवाक्यातली नसते, हे मला मान्य आहे; परंतु निवृत्तीच्या वयाला माणसाच्या कर्तृत्वाची सीमा समजू नये, एवढे त्यावरून नक्कीच म्हणता येते.

आता आपल्या घराकडे वळू. मार्च सरत आला की नागपुरात घरोघरी कूलर निघतात. सात-आठ वर्षांचे पोर जुन्या वाळ्याच्या ताट्यांतल्या काड्या ओढत मध्ये मध्ये करते. पंधरा वर्षांचा मुलगा पाना-पेचकस आणून देतो. पंचविशीतला कूलर उचलून स्टँडवर चढवतो. पंचेचाळिशीतल्याला नुसत्या आवाजावरून कळते की पंप अडकला आहे. साठीला आलेले गृहस्थ खुर्चीवर बसून ‘आधी वायर काढ’, ‘पाणी आत्ताच भरू नको’ असे सांगत राहतात. त्यांचे सांगणे बहुतेक वेळा बरोबरही असते. तरीही मुलाच्या हातातला पेचकस थांबतो आणि तो न बोलता मोबाइल उघडून बसतो. पुरुषाच्या आयुष्यात मला सर्वांत अवघड वाटतो तो हाच काळ. नोकरीतले काम गेलेले असते, पण घरातला शेवटचा शब्द आपला असावा ही सवय गेलेली नसते, आणि शिक्षकाच्या बाबतीत तर ती तीस-पस्तीस वर्षे वर्गात रोज पक्की झालेली असते.

म्हणून माझे सांगणे असे, की आपण संसारातून बाजूला होऊ नये. संसारातले अधिकार मात्र एकेक करून सोडावेत आणि त्यांच्या जागी कामे घ्यावीत. घरपट्टी, विजेचे बिल, गॅसचा नंबर आणि तो कूलर मुलाकडे द्या. त्याची एखादी तारीख चुकली, दंड भरावा लागला, तरी मध्ये पडू नका, कारण २७ व्या वर्षी ज्याला घर चालवू दिले जात नाही त्याला ते ३५ व्या वर्षीही जड जाते. पत्नीच्या स्वयंपाकघरात डबे कोठे असावेत हे सुचवू नका. त्याऐवजी आईची औषधे, तिची आंघोळ-जेवणाची वेळ, दवाखान्यात नेणे-आणणे हे सगळे पूर्णपणे आपल्याकडे घ्या. ‘मदत करतो’ म्हणून अर्धे काम करू नका. पत्नी नोकरी करीत असतील वा नसतील, घरकामातून त्यांना कोणी निवृत्त केलेले नाही, आणि सासूबाईंचे आजवर बहुधा त्यांनीच केले असेल. आपण कोणत्या टप्प्यावर आहात याचे एक उत्तर नाही. मुलापुढे आपण उतारवयाकडे निघालेले वडील आहात, आणि ‘जेवलास का रे बाळा’ म्हणून रोज विचारणाऱ्या आईपुढे अजून लेकरूच आहात. आई आहे तोवर या दुसऱ्या नात्याला वेळ द्या, कारण त्याला निवृत्तीनंतरच निवांतपणा मिळाला आहे.

प्रश्न : वडिलांना नुकतीच ८० वर्षे पूर्ण झाली. सहस्रचंद्रदर्शनाचा कार्यक्रम लगेच करावा, असे काही नातेवाईक म्हणतात. काही जण ८१ वे पूर्ण होऊ द्या म्हणतात. नेमके केव्हा करावे? वडील स्वतः फारसे उत्साही नाहीत.
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : दोन पौर्णिमांमधले सरासरी अंतर सुमारे २९.५३ दिवसांचे असते. अशा हजार पौर्णिमांचे दिवस सुमारे २९,५३० होतात, म्हणजे ८० वर्षे आणि साधारण १० महिने. परंपरेने ८० वर्षे ८ महिने असेही धरले जाते. तेव्हा लगेच करण्याची घाई नको आणि ८१ पूर्ण होण्याची वाट पाहण्याचेही कारण नाही. मुहूर्त एप्रिल-मे मध्ये येत असेल तर नागपूरच्या उन्हात ८० वर्षांच्या माणसाला चार तास सभागृहात बसवू नका. औक्षण घरीच संध्याकाळी करा. वडिलांचा निरुत्साह हा बहुधा कार्यक्रमाबद्दल नसून त्यात आपल्याला कोणी विचारले नाही याबद्दल असतो. दिवस, जेवणाचे पदार्थ आणि पाहुण्यांची यादी त्यांनाच ठरवू द्या. त्यांच्या बरोबरीचे जे मित्र आता घराबाहेर पडू शकत नाहीत, त्यांच्यापैकी दोघा-तिघांकडे त्यांना आधीच्या आठवड्यात गाडीतून भेटवून आणा.