वाचता न येणाऱ्यांसाठी शुगरचा गट कसा चालवावा?

तुमच्या प्रश्नावरून कळतं ते असं: वस्तीतल्या शुगर असलेल्या बायका-माणसांना तुम्ही एकत्र आणलंत. बहुतेकांचं शिक्षण चौथीच्या आत आहे, काहींना वाचताच येत नाही. पुस्तिका वाटल्या, डॉक्टरांचं व्याख्यान ठेवलं, तरी कुणाच्या रिपोर्टमध्ये फरक पडला नाही. आता गटात नेमकं करायचं काय? मी ग्रामीण रुग्णालयात परिचारिका होते, निवृत्तीनंतर आमच्या भागात असेच गट चालवते. त्या अनुभवावरून सांगते.

व्याख्यानं थांबवा. गोड खाऊ नका, चालायला जा, गोळ्या वेळेवर घ्या, हे त्यांनी प्रत्येक दवाखान्यात ऐकलेलं असतं. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. रात्रपाळी असली की गोळी कधी घ्यायची? सून सगळ्यांचा एकच स्वयंपाक करते, तिला वेगळं काही कसं सांगायचं? चतुर्थीला काय खायचं? गोळ्या आणायच्या तर एक दिवसाची मजुरी बुडते, त्याचं काय? गट या प्रश्नांसाठी हवा. आणि यातल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं तुमच्याकडे नसतात, समोर बसलेल्या दुसऱ्या कुणाकडे तरी असतात. त्यांना बोलतं करणं हे तुमचं काम.

शिक्षण कमी म्हणजे समज कमी, असा विचार मनात असेल तर तो आधी काढून टाका. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली काम सुरू केलं, तेव्हा गावागावांतल्या ज्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केलं त्यांतल्या कितीतरी जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या बायकांनी बाळंतपणं सांभाळली, कुष्ठरोगाचे, क्षयाचे रुग्ण शोधले, गावाचं आरोग्य बदललं. त्या शिकल्या त्या बघून, करून आणि एकमेकींशी बोलून. शुगरच्या गटालाही हाच रस्ता लागू पडतो.

पहिल्या बैठकीला प्रत्येकाला घरातली सगळी औषधं पिशवीसकट आणायला सांगा. दुसरं काही ठेवूच नका. आमच्याकडे एका मावशींनी किराणाच्या पिशवीतली पाकिटं चटईवर ओतली. त्यात दोन पाकिटं वेगळ्या रंगाची, वेगळ्या कंपनीची, नावंही वेगळी. मागची बारीक अक्षरं वाचली तर औषध एकच, ग्लिमेपिराइड, म्हणजे साखर उतरवणारी गोळी. एक पाकीट सरकारी दवाखान्यातलं, दुसरं खाजगी डॉक्टरांनी लिहून दिलेलं, आणि मावशी दोन्ही रोज घेत होत्या. रानात भांगलताना अकराच्या सुमारास त्यांना दरदरून घाम फुटायचा, हातपाय गळायचे. त्या म्हणायच्या, उन्हाचं होतंय. खरं तर दुप्पट गोळीने रक्तातली साखर फार खाली उतरत होती. अशा वेळी गोळी बंद करायचा निर्णय आपण घ्यायचा नाही. त्यांना दोन्ही पाकिटं घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवायचं, आणि शक्य असेल तर सोबत कुणीतरी जायचं.

गोळ्या ओळखायला आम्ही जुन्या कापडाच्या दोन छोट्या पिशव्या शिवून घेतल्या. सकाळच्या पिशवीवर सूर्य, रात्रीच्या पिशवीवर चांदोबा. आधी काही जणींनी पाकिटावरच टिकल्या चिकटवल्या होत्या, पण पाकीट कापलं की टिकली जाते, म्हणून पिशव्यांची युक्ती त्यांनीच काढली. इन्सुलिन घेणाऱ्यांची सिरिंज मात्र स्वतः तपासा. आपल्याकडे मिळणाऱ्या बऱ्याच बाटल्या 40 युनिटच्या (एका मिलीत 40 युनिट) असतात, त्यांना लाल टोपणाचीच सिरिंज लागते. नारिंगी टोपणाची सिरिंज 100 युनिटच्या बाटलीसाठी असते. 40ची बाटली आणि 100ची सिरिंज अशी गाठ पडली तर त्याच रेघेपर्यंत भरूनही डोस निम्म्याहून कमी जातो. उलट झालं तर अडीच पट जातो, आणि ते जिवावर बेतू शकतं. रंग बहुतेकांना ओळखता येतात, त्यामुळे हे समजवायला अक्षर लागत नाही.

आहाराचं बोलताना कॅलरी हा शब्द काढूच नका. किलो आणि रुपये त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगले कळतात. आम्ही एकदा चहाचा हिशेब केला. दिवसाला पाच कप, प्रत्येकात दोन चमचे साखर. एका काकांना डब्यातून दहा चमचे कागदावर काढायला सांगितले. चमचा साधारण पाच ग्रॅमचा धरला तर ढीग पन्नास ग्रॅमचा, म्हणजे महिन्याला दीड किलो. एका माणसाची, नुसत्या चहातली. किराणा भरणाऱ्या बायका लगेच म्हणाल्या, म्हणून साखर पुरत नाही होय! कुणी पाचाचे तीन कप केले, कुणी दोनाचा एक चमचा केला. कुणी काय करायचं ते त्यांनीच ठरवलं, आणि पुढच्या बैठकीत जमलं की नाही ते सांगायचं असंही त्यांनीच ठरवलं. एका वेळी एकच बदल, तोही ज्याचा त्याने निवडलेला. भाकरी बंद करायला कुणालाही सांगू नका. पोट त्यावर भरतं. ताटात आधी पालेभाजी आणि डाळ-उसळ जास्त वाढून घ्यायची आणि भाकरी मोजून घ्यायची, एवढं पुष्कळ आहे. भात खाणाऱ्यांनी आपली रोजची वाटी आणावी आणि सगळ्यांसमोर भरून दाखवावी. आणि पुरुषांच्या बाबतीत एक पक्कं ठरवा: जो स्वयंपाक करत नाही त्याने स्वयंपाक करणारीला एकदा तरी गटात आणायचंच.

उपवासाला पूर्ण एक बैठक द्या. आपल्याकडे एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार, नवरात्र असं काही ना काही चालूच असतं, आणि उपवास करू नका म्हटलं तर लोक करतात पण सांगत नाहीत. मग रोजची गोळी घेऊन दुपारपर्यंत उपाशी राहिल्याने साखर उतरते, आणि नंतर साबुदाण्याची खिचडी ताटभर खाल्ली की तीच चढते, कारण साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसतं पिष्ट. आमच्या गटातल्या आजींनीच तोडगा सुचवला: वरी कमी आणि शेंगदाण्याची आमटी जास्त, सोबत काकडी आणि ताक, आणि सकाळपासून रिकाम्या पोटी राहायचं नाही. त्या दिवशी गोळीचं किंवा इन्सुलिनचं काय करायचं, हे सणाच्या आधीच डॉक्टरांना विचारून ठेवायचं.

साखर उतरल्यावर काय करायचं हे तर प्रत्येकाने करूनच दाखवलं पाहिजे, घरातल्या एकासकट. घाम, थरथर, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी, एकदम भूक ही त्याची लक्षणं. साखर मोजायचं मशीन असेल आणि आकडा 70च्या खाली असेल तर नक्कीच. मशीन नसेल तर वाट न बघता तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायची. पंधरा मिनिटांनी बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढीच, आणि बरं वाटलं की काहीतरी खायचं. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, 108ला फोन करायचा. इथे ‘कळलं का?’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. ‘घरी गेल्यावर मुलाला कसं सांगाल ते मला सांगून दाखवा’ असं म्हणा. अडखळले तर समजावणं आपलं कमी पडलं, पुन्हा सांगायचं.

पायांचंही तसंच. शुगरमुळे पायाला आधी मुंग्या येतात, नंतर बधिरपणा येतो आणि मग चटका बसलेलाही कळत नाही. उन्हाळ्यात देवळाच्या फरशीवर अनवाणी उभं राहून फोड आलेले पाय मी पाहिलेत, त्यातल्या कुणालाही दुखलं नव्हतं. वारीला अनवाणी जाणारे तर तुमच्याही वस्तीत असतील. त्यांच्या श्रद्धेशी वाद घालू नका. मऊ तळाची एमसीआर (मायक्रोसेल्युलर रबराची) चप्पल घालून चालण्याचं आणि रोज मुक्कामी पाय बघण्याचं वचन घ्या. गटात जोड्या करून एकमेकांचे तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघायला लावा. वयाने मोठी माणसं लहानांना पायाला हात लावू देताना संकोचतात, म्हणून समवयस्कांच्याच जोड्या करा. पाण्यात पाय बुडवण्याआधी कोपराने पाणी बघायचं, कुरूप ब्लेडने कापायचं नाही.

आकड्यांबद्दल एक बारीक गोष्ट. चौथीपर्यंत शिकलेल्या आजींना १, २, ३ नीट येतात, पण मशीनवरचे इंग्रजी आकडे येतीलच असं नाही. ते आधी तपासा. उपाशीपोटी साधारण 80 ते 130 आणि जेवणानंतर दोन तासांनी 180च्या आत, असं ढोबळपणे सांगता येतं, पण वयस्कर माणसाचं किंवा ज्याची साखर वरचेवर उतरते त्याचं लक्ष्य वेगळं असतं. ते डॉक्टरांकडून घेऊन त्याच्या कार्डावर हिरव्या पेनाने लिहा. मशीन एक असलं तरी सुई प्रत्येकाला नवी, आणि बोट टोचायचं पेन दोघांत कधीही वापरायचं नाही. त्यातून कावीळ ब पसरते. कुणाचाही आकडा मोठ्याने वाचू नका. मुलीचं लग्न व्हायचं असलेल्या घरात शुगर लपवली जाते, हे तुम्हाला माहीत असेलच.

जांभळाच्या बियांची पूड, कारल्याचा रस हे निघणारच. हसू नका. काय घेता, किती घेता, त्यासाठी गोळी सोडली का, एवढं विचारा. ‘शुगर मुळापासून घालवतो’ म्हणणाऱ्यांना मात्र गटात काहीही विकू द्यायचं नाही, हा नियम पहिल्याच दिवशी करा. इन्सुलिनची भीती तुमच्या सांगण्याने जाणार नाही. जो घेतो त्याला सगळ्यांसमोर टोचून घ्यायला सांगा.

शेवटचं, किती दिवस चालवायचं? आठ-दहा जणांचा गट, सुरुवातीला दर आठवड्याला, नंतर महिन्याला, आणि बंद करायचा नाही. इटलीत तुरीनला अशा छोट्या गटांना दर तीन महिन्यांनी भेटवत पाच वर्षं पाहिलं गेलं, त्याचे निष्कर्ष 2004 साली आले. नेहमीसारखे एकेकटे तपासणीला जाणाऱ्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर वर्षागणिक वाढत गेली, गटातल्यांची जवळपास होती तिथेच राहिली. तेव्हा तीन महिन्यांत आकडा हलला नाही म्हणून खचू नका. वेळ बायकांना विचारून ठरवा, सुगीत रात्री बसा. बचत गटाची बैठक असेल तर तिलाच जोडून घ्या, वेगळं बोलावणं लागत नाही. वस्तीतल्या आशाताईंना (आशा स्वयंसेविकेला) पहिल्यापासून सोबत ठेवा. जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरातल्या सामुदायिक आरोग्य अधिकाऱ्यांना भेटून मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी नियमित मिळते का आणि एका वेळी महिन्याची देतील का, हे येत्या बैठकीच्या आधीच विचारून घ्या.